चौघांच्या वजनाची उंची

बहारीनमध्ये आमच्या मुहर्रक गावातल्या गॅरेजमधला रत्नागिरीचा मेकॅनिक रिकाम्या गाडीची उंची कधीच ठरवत नसे. दादाने हौसेने आमची गाडी जमिनीलगत खाली बसवून घेतली होती. घराजवळच्या स्पीडब्रेकरला ती पुन्हा घासली तर बाबा विकून टाकणार होते.

मेकॅनिकने आई, बाबा, दादा आणि मी अशा आम्हा चौघांना झल्लाकच्या समुद्रकिनाऱ्यावर सहलीला निघाल्यासारखं, डब्यांसकट, आत बसवलं. चाकावरच्या फटीत बोटं घालून तो बघत राहिला. मी अंग चोरून बसले होते.

"ताई, श्वास सोडा. रोखून माप कसं येणार?"

मी सोडला. त्याने स्प्रिंगा जुळवल्या, मग आमच्याबरोबर घराजवळ येऊन गाडीचा तळ बघायला स्पीडब्रेकरशेजारी चक्क आडवा झाला. गाडी न घासता गेली.

"खलास! आता कोणी जाड व्हायचं नाय हां."

अजूनही बेकरीत भेटला की तो आधी माझ्या हातातला पुडा बघतो.