दम मला ऐकू येतो

"दोन्ही कानांत नसेची कमजोरी आहे. औषधाने ही बरी होणार नाही," असं म्हणत ऑडिओलॉजिस्ट तन्वी मॅडमनी माझ्यासमोर आलेख ठेवला. रेघ निम्म्यापर्यंत ठीक होती, पुढे घसरगुंडीसारखी खाली गेली होती.

आजाराचं नाव सेन्सरिन्युरल हिअरिंग लॉस. म्हणजे कानाचा पडदा शाबूत असतो, पण आत आवाज पकडणाऱ्या पेशी किंवा नस थकलेली असते. बहुतेकदा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात.

मी सुरेखा. राहते वाकोल्यात, नोकरी मालाडला, आणि सुट्टीच्या दिवशी मुलींच्या कबड्डीची पंच. चढाई करणारी मुलगी "कबड्डी कबड्डी" म्हणत राहते, तो दम. दम तुटला की ती बाद. आणि तो तुटला का, हे पंचाच्या कानांनीच ठरायचं.

तपासणीच्या आधी काही महिने मी मुलींनाच झापत होते. "अगं, दम मोठ्याने घे!" एक जण वैतागून म्हणाली, "मॅडम, घसा फुटेल आता माझा!" घरी नवऱ्याला सांगितलं, तर प्रकाश म्हणाला, "टीव्हीच्या आवाजावरून मी कधीपासून ओरडतोय. तू ऐकतेस कुठे?"

मग अंधेरीच्या हॉस्पिटलात गेले. कानाच्या डॉक्टरांनी मळ, पडदा सगळं तपासून ऑडिओमेट्रीला पाठवलं. बंद खोलीत हेडफोन लावतात, बीप ऐकू आला की बटण दाबायचं. मी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून अंदाजाने दाबायला लागले. त्यांनी ओळखलं. "सुरेखाताई, इथे पास व्हायचं नसतं," म्हणाल्या, आणि माझी खुर्ची फिरवली.

श्रवणयंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा नणंद म्हणाली, "केस मोकळे सोड, कुणाला दिसणार नाही." मी लाल रंगाचं यंत्र निवडलं आणि अंबाडा घातला.

पण यंत्र म्हणजे लावला की लगेच दिसणारा चष्मा नव्हे, हे तुम्हीही लक्षात ठेवा. पहिले दिवस वाईट गेले. प्लास्टिकची पिशवी चुरगळली तरी डोक्यात जायची. मैदानावर तर प्रेक्षकांच्या शिट्ट्यांनी वाट लागली, आणि दम त्यात बुडालेलाच. मी यंत्र काढून डबीत टाकलं.

तन्वी मॅडम रागावल्या नाहीत. "मैदानावरचा आवाज फोनमध्ये भरून आणा," एवढंच म्हणाल्या. मग तो आवाज खोलीत लावून त्यांनी यंत्र पुन्हा जुळवलं, शिट्ट्या दाबल्या, बारीक आवाज वर आणला. "मेंदूला हे आवाज नव्याने शिकवावे लागतात. रोज लावा. कंटाळा आला तरी," म्हणाल्या. मी लावलं. कंटाळा खूप आला.

दरम्यान आमच्या स्पर्धांचे सचिव मोरेकाका घरी आले. "तू आता टेबलावर बस गं, गुण लिही. मान राहील."

"काका, माझी परीक्षा घ्या. नाही जमलं तर मी स्वतःच बसेन."

सरावाच्या वेळी, मुलींचा आरडाओरडा चालू असताना, मी मैदानाकडे पाठ करून उभी राहिले. एकेक मुलगी चढाईला यायची, मध्येच दम सोडायची, आणि मी शिट्टी मारायची. एकदा चुकले. काकांनी पुन्हा पुन्हा घ्यायला लावलं, मग म्हणाले, "वळ आता. रविवारी घाटकोपरला ये."

कान बरे झालेले नाहीत. दर काही महिन्यांनी तपासणी असते, आलेख आणखी घसरेलही. तेव्हा पुढचं बघू. तुम्हाला कमी ऐकू येत असेल तर लपवत बसू नका, तपासून घ्या. मला तन्वी मॅडम भेटल्या. त्यांनी मला कधी बिचारी म्हटलं नाही, याचे उपकार मी विसरणार नाही.

घाटकोपरच्या सामन्यात दम तुटला म्हणून मी चढाई करणाऱ्या एका मुलीला बाद दिलं, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक हळूच पुटपुटला, "पंच बहिरी आहे काय?"

मी खेळ थांबवला, त्याच्यासमोर गेले आणि कान पुढे केला. "हो, आहे. आणि तू काय बोललास ते ऐकलं. बस खाली."

तो बसला. मी शिट्टी मारली.