गोटमारीच्या आदल्या दिवशीचा सिनेमा
ओल्या कपड्यांच्या वासात विडीचा धूर मिसळला की मला पांढुर्ण्याचं ते थिएटर आठवतं. ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला नवऱ्यानं मला सिनेमाला नेलं होतं. पडद्यावर दोन काठांवरचे प्रेमिक होते. वर्षातून एकच दिवस नदी थांबायची आणि ते भेटायचे. रोज भेटलो असतो तर इतकी वाट पाहिली असती का, असं नायिकेनं त्याला विचारलं. बाहेर आले तरी मी त्याच गोष्टीत होते, पण आमच्या जाम नदीच्या दोन्ही काठांवर पोरं दगडांचे ढीग रचत होती. दुसऱ्या दिवशी दरवर्षीची गोटमार होती. फार पूर्वी पळून जाताना नदीतच मारल्या गेलेल्या एका जोडप्याच्या नावानं दोन गावं एकमेकांवर दगड फेकणार होती. "उद्या तुम्ही जाऊ नका जी," मी म्हटलं. "मी काय गोटे मारून राहिलो का? नुसतं पाहून येतो," ते हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी लोकांनी त्यांना उचलूनच घरी आणलं. डावा डोळा गेला होता. आता टीव्हीवर सिनेमा लागला की मी त्यांच्या उजव्या हाताला बसते, म्हणजे मान न वळवता मी त्यांना दिसते.