सेन्सर समिती आणि नानांचा 'खटॅक'

आमच्या धंद्यात एक नियम आहे. लग्नाचा अल्बम पार्टीच्या हातात पडला, की थोड्या दिवसांनी हार्ड डिस्क रिकामी करायची. फोटो जातात, किस्से मात्र जात नाहीत! ते डोक्यात साठतच राहतात आणि डोक्याला फॉरमॅट मारायची सोय अजून निघालेली नाही. मग मंगळवारी गंगापूर रोडला मिसळ खायला बसलो, की एकेक बाहेर निघतो. शेजारच्या टेबलावरची माणसं पाव हातात धरून ऐकत बसतात.

मी रवी. नाशकात लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. म्हणजे फोटो दुसरे काढतात आणि नवरीच्या मावशीची बोलणी मी खातो. आमच्या टोळक्यात आणखी तिघं. पंचवटीत स्टुडिओ असलेले नाना, आमच्यात सगळ्यात सीनियर. सिडकोतला भूषण, जो कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू इतके बघतो की फोटो काढायला त्याला वेळच उरत नाही. आणि दिंडोरीकडचा संजू, ज्याच्या घरी द्राक्षबाग आणि हातात व्हिडिओचा कॅमेरा. हे सगळे किस्से एकाच हंगामातले, आणि सगळ्यांच्या मुळाशी एक आरसा आहे.

*

नानांचा जुना कॅमेरा म्हणजे तोफ. बटण दाबलं की असा 'खटॅक!' आवाज व्हायचा, की शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा पोट आत घ्यायचा. एकदा कीर्तनात बुवांनी मध्येच थांबून हात जोडले होते, "फोटोवाले, निदान समेवर तरी वाजवा!"

एका बारशाला बाळ पाळण्यात घालताना नानांनी खटॅक केलं आणि कॅमेऱ्याच्या पोटात काहीतरी खुळखुळलं. लेन्स काढून बघतात तर आतला आरसा निखळून हातात! आम्ही सगळे सुतकी चेहरा करून उभे. भूषणला मात्र मनातून उकळ्या फुटत होत्या, कारण कित्येक दिवस तो नानांच्या मागे लागला होता, की नाना, आता मिररलेस घ्या, बिनआरशाचा. जग पुढे गेलं!

नानांनी आरसा शांतपणे रुमालात गुंडाळला, खिशात घातला आणि कॅमेरा भूषणसमोर धरला.

"घे. झाला मिररलेस. आता नवीन कशाला?"

*

पण नवीन लागणारच होता, कारण नानांच्या मीनलचं लग्न ठरलं होतं. एकुलती एक लेक. नानांनी आम्हाला मिसळीवर बोलावलं आणि पहिल्यांदाच रस्सा न मागता बोलायला सुरुवात केली.

"सगळं लग्न तुम्ही काढा. पाठवणीचा एक फोटो मात्र मी काढणार. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरी गाडीत बसताना काढल्या. माझी जाताना मी काय रिकाम्या हाताने उभा राहू? मला नाही जमायचं ते."

संजूचे डोळे तिथेच भरले. हा गडी फार हळवा. कुणाचीही पाठवणी असो, हा कॅमेऱ्यामागे मुसमुसतो आणि व्हिडिओ हलतो. नाना त्याला नेहमी सांगायचे, "कॅमेरा डोळ्यावर घट्ट दाब. घट्ट दाबला की पाणी येत नाही. अनुभवाचे बोल आहेत."

मग ठरलं, की मीनलच्या लग्नाआधी चौघांनी मिळून एक चांगला कॅमेरा घ्यायचा. कोणता, यासाठी भूषणने तिथल्या तिथे सेन्सर समिती स्थापन केली. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातला प्रकाश टिपणारा तुकडा. अध्यक्ष तोच. ठराव एकमतानेच व्हायचा, म्हणजे कधीच नाही!

*

समितीची पहिली बैठक द्राक्षांवर झाली.

भूषण म्हणाला, जास्तीत जास्त मेगापिक्सेलचा घेऊ. संजूने पाव खाली ठेवला.

"आमच्या बागेत ये एकदा. वेलीवर घड लय ठेवले की मणी बारीक राहतो. विरळणी केली की मणी टपोरा. सेन्सरचंबी तेच हाय! जागा तेवढीच. पिक्सेल लय कोंबले की एकेक बारीक, अंधारात मरतो. कमी ठेव, टपोरा ठेव, मग बघ कसा प्रकाश पितो!"

"अरे, पण मग फोटो मोठा केला की फुटतो त्याचं काय?" भूषण उसळला.

बराच वेळ दोघांची जुंपली. मणी, घड, पिक्सेल, पुन्हा मणी. नानांनी तोंडातला घास संपवला आणि माझ्याकडे बोट केलं.

"कशाला भांडता? टपोरा असो नाहीतर बारीक, शेवटी हा अल्बमवाला एका पानात कोंबून सगळ्यांचे मनुकेच करतो."

*

भांडण मिटेना म्हणून प्रत्येक प्रकारचा कॅमेरा भाड्याने आणून कामावर वापरून बघायचं ठरलं. पहिला मान मेगापिक्सेलवाल्याचा. सिन्नरला साखरपुडा होता. फोटो काय आले म्हणता! नवरीच्या साडीचा धागान् धागा मोजून घ्यावा.

निवडायला मुलाची आत्या माझ्याकडे आली. मी मोठ्या स्क्रीनवर फोटो लावला आणि कौतुकाने तिला माउस दिला. तिथे चुकलं. आत्या झूम करत नवरा-नवरीच्या पलीकडे गेली, मंडपाच्या पलीकडे गेली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या हॉटेलात शिरली. तिथे बाकावर एक गृहस्थ जिलेबी खात बसले होते.

"हे तर आमचे हे!" आत्या किंचाळली. "तापाने फणफणलोय म्हणून घरी झोपले होते ना!"

त्या घरात पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. अल्बमचं काम मात्र दोन्ही बाजूंनी रखडलं. समितीच्या बैठकीत नानांनी या सेन्सरवर फुली मारली.

"एवढं दिसायला लागलं, तर लग्नं जमायची बंद होतील!"

*

मग संजूचा टपोरा सेन्सर. चांदवडला एका कांदा व्यापाऱ्याकडे रात्रीची हळद होती. त्या गृहस्थाने घराला तर घराला, कांद्याच्या चाळीलाही दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. संजू व्हिडिओत अडकलेला, त्यामुळे फोटोला भूषण. अंधारातही दिसतंय म्हटल्यावर त्याला चेव आला. उजेड वाढवणारा आयएसओ ताणला, ताणला, आणि आणखी ताणला.

फोटो बघून व्यापारी चक्रावला. "आवो, माझ्या लायटिंगच्या माळा गेल्या कुठं? हे तर लोक दुपारी जेवायला बसल्यावानी दिसतंय!"

खरंच, आकाश निळं! झाडाखाली सावली पडायची तेवढी बाकी होती. त्याहून बिकट प्रसंग गुरुजींचा. ते फोटो हातात घेऊन थेट माझ्याकडे आले.

"मी मुहूर्त रात्रीचा काढला होता. तुमच्या फोटोत लख्ख ऊन आहे. उद्या लोक माझ्या पंचांगावर संशय घेतील. जरा अंधार करून द्या!"

मी बसून सगळ्या हळदीवर अंधार पसरला. जगात एवढा चांगला सेन्सर घेऊन कुणी एवढा काळोख केला नसेल.

*

आता उरला वेगाचा प्रश्न. एका लग्नाच्या मिरवणुकीत ढोल-पथक होतं. भूषणने भाड्याच्या कॅमेऱ्यावर आवाज न करणारं शटर लावून धडाधड फोटो काढले. बघतो तर काय, ढोलावर पडणारी सगळी टिपरं केळ्यासारखी वाकलेली!

पथकप्रमुख शिस्तीचा माणूस. त्याने फोटो पाहिला आणि सगळ्या वादकांना लायनीत उभं केलं. प्रत्येकाचं टिपरू जमिनीवर ठेवून, डोळा बारीक करून, सरळ आहे का ते तपासलं. सगळी सरळ! तरी त्याचं समाधान झालं नाही. "मग मनगटात दोष आहे," म्हणाला, आणि सगळ्यांना पुन्हा सरावाला जुंपलं.

भूषण त्याला सेन्सर समजावत बसला, पण ते कुणाच्याच डोक्यात शिरेना. शेवटी नानांनी सांगितलं, "पंगतीत एकच वाढपी असला, की शेवटच्या पानावर वरण पडेपर्यंत पहिल्याचा भात संपलेला असतो. हा सेन्सर तसा वरून खाली वाढत येतो. खाली पोचेपर्यंत टिपरू पुढे गेलेलं."

"मग महागातल्या सेन्सरला?" पथकप्रमुखाने विचारलं.

"तिथे वाढपीच वाढपी. एका दमात सगळी पंगत."

समितीचं एकमत झालं! वाढपीवाला घ्यायचा. फक्त त्याची बॅटरी सपाट्याने संपते, हे भूषणने दबक्या आवाजात सांगितलं. नाना म्हणाले, "संपणारच. एवढे वाढपी ठेवले तर तेही जेवणार ना!"

*

कॅमेरा आला. नानांनी डोळ्याला लावला, चारदा बटण दाबलं आणि विचारलं, "चालू कुठून होतो?"

फोटो निघाले होते. आवाज नव्हता.

नानांना ते काही पटेना. वर बॅटरी काढून डोळा लावला तर आत मिट्ट काळोख. "जुन्यात बॅटरी संपली तरी समोरचं माणूस दिसायचं रे! यात बॅटरी गेली की लग्नच गायब!" भूषण म्हणाला, सवय होईल. मग त्याने सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याचा कृत्रिम आवाज चालू करून दिला. टिक्, टिक्, असा.

पहिलं काम सटाण्याला साखरपुड्याचं. मुलगा अंगठी घालणार, एवढ्यात नानांनी बटण दाबलं. टिक्! मुलीच्या आजीने हात वर केला.

"थांबा! पाल बोलनी!"

सगळं थांबलं. माणसं पाल शोधायला लागली. आधीचा फोटो आला की नाही या शंकेने नानांनी पुन्हा दाबलं. टिक्! आजी म्हणाली, पुन्हा बोलली, आता काही खरं नाही. मुलाकडचे उठायच्या बेतात! भूषणने धावत जाऊन आवाज बंद केला आणि आजीला हात जोडून सांगितलं, "आजी, पाल गेली. मी स्वतः बघितली जाताना."

साखरपुडा पार पडला. पण त्या दिवसापासून कॅमेरा कायमचा मुका झाला.

*

आणि मुका कॅमेरा लोकांना चालेना! ग्रुप फोटोला माणसं श्वास रोखून उभी. फोटो निघून जायचा, तरी कुणी हलायचं नाही.

"काढला का?"

"काढला."

"मग वाजला का नाय?"

तोडगा संजूने काढला. तो बाजूला उभा राहून तोंडाने "खटॅक!" म्हणायचा. माणसं लगेच सैल पडायची. सगळे खूश. अल्बम लावायला मी फोटो उघडले, तर प्रत्येक फोटोत नवरा, नवरी, वरमाय, झाडून सगळं गणगोत डावीकडे, संजूकडे बघतंय!

तेव्हापासून हे काम नानांनी स्वतःकडे घेतलं. डोळा कॅमेऱ्याला, बोट बटणावर, आणि घशातून हुबेहूब जुन्या तोफेचा 'खटॅक!' इतका हुबेहूब, की एका फोटोग्राफरने येऊन विचारलं, "नाना, जुना दुरुस्त झाला वाटतं?" मीनल घरी हसून हसून लोळायची. लहानपणापासून तिची सवय होती, बाबांनी कॅमेरा धरला की पदर किंवा फ्रॉक सारखा करायचा, सरळ भिंगात बघायचं आणि खटॅक ऐकू येईपर्यंत पापणी लववायची नाही.

*

मीनलचं लग्न आडगावकडच्या एका लॉन्सवर झालं. फोटोला भूषण, व्हिडिओला संजू, आणि गळ्यात नवा कॅमेरा अडकवून सकाळपासून काहीबाही काढत फिरणारे नाना.

सप्तपदीनंतर त्यांची बॅटरी संपली. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. "रव्या, पळ. दुसरी आण. पाठवणीच्या आत."

दुसरी बॅटरी खोलीत चार्जिंगला होती. खोलीला कुलूप. किल्ली करवलीकडे आणि करवली आइस्क्रीमच्या रांगेत. रांग सोडून ती यायला तयार नाही! तिचं आइस्क्रीम मी धरलं, तेव्हा किल्ली मिळाली. बॅटरी घेऊन बाहेर येतो तो बँड थांबलेला. मुलाच्या आजोबांना राहुकाळाची घाई, त्यामुळे पाठवणी आधीच उरकायला घेतली होती.

गर्दी अशी की पुढे सरकता येईना. टाचा उंचावून बघितलं. गाडीचं दार उघडं, दाराशी मीनल. समोर नाना, कॅमेरा डोळ्यावर. इतका घट्ट दाबलेला, की चष्मा कपाळावर चढला होता. शेजारी संजूचा ट्रायपॉडसुद्धा हलत होता.

मीनलने पदर सारखा केला आणि सरळ भिंगात बघितलं. सगळे खटॅकची वाट बघत उभे. नानांचा गळा हलला, पण आवाज बाहेर पडेना. पुन्हा हलला. नाही. मला नानांकडे बघवेना.

"काढला का?" मुलाकडचे एक काका हळूच म्हणाले. मीनल तशीच, पापणी न लववता उभी.

मग तीच म्हणाली, "खटॅक!"

नानांनी लगेच कॅमेरा खाली घेतला.

"आला," ते म्हणाले. "एकदम शार्प."

ती गाडीत बसली. बँड पुन्हा सुरू झाला आणि गाडी गेटबाहेर पडली. भूषण पाणी प्यायला माझ्या बाजूला आला, आणि पाणी प्यायचं सोडून माझ्या हाताकडे बघत राहिला. माझ्या हातात दोन्ही बॅटऱ्या होत्या.