आधी सुई, मग बाकीचं

माझ्या नवऱ्याची कंबर दुखायला लागली तेव्हा घरच्यांनी मुतखडाच ठरवून टाकला. कुळथाचं पाणी सुरू झालं. माणूस वाळत चालला, रोज संध्याकाळी ताप येई, तरी कुळीथ चालूच. शेवटी मुलीने त्याला बाळकुमहून रिक्षात घालून ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. स्कॅन केला तर किडनीत गाठ.

आम्हाला वाटलं, आता किडनी काढणार. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ नेहमीसारखी दिसत नाही. आधी सुईने तुकडा घेऊन तपासू."

धाकटा दीर उसळला. "वहिनी, सुई लावू देऊ नकोस. गाठीला टोचलं की ती अंगभर पसरते. आपल्या अख्ख्या आळीला ठाऊक आहे."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. खाडीत एकटा होडी घालणारा माणूस, तिथे मात्र निर्णय माझ्यावर टाकून मोकळा. भीती मलाही होतीच. मी बाईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, तसा धोका फार कमी. न तपासता कापलं आणि गाठ औषधाने जाणारी निघाली, तर किडनी फुकट जायची.

मी दिराला म्हटलं, "माझं गिऱ्हाईक कल्ला उघडून बघितल्याशिवाय पापलेट घेत नाही, आणि तू भावाची किडनी न बघता काढायला निघालास?"

"इथेही बाजारच मांड," असं म्हणून तो बाहेर जाऊन बसला.

सुईने तुकडा घेऊन तपासला. लिम्फोमा निघाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, किडनीत क्वचितच सुरू होणारा. त्याला कापाकापी नाही, सलाईनमधून औषध.

औषधाने केस गेले, तोंड आलं. माझ्या अंगाला जन्मभर मासळीचा वास, त्याला तो कधी आला नव्हता. आता मी जवळ गेले की तोंड फिरवायचा. मग बाजारातून आल्यावर डोक्यावरून अंघोळ, हाताला लिंबू, आणि नंतर त्याला पेज भरवायची.

"किती वेळा न्हाशील गं?"

"तुमची उलटी पुसण्यापेक्षा हे बरं. गिळा."

औषधं संपल्यावरच्या स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही. तपासायला मात्र येत राहा, असं बाईंनी बजावलं. येताना माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली. त्याने माझा हात धरला. चारचौघांत असलं काही तो करायचा नाही.

"दोन्ही किडन्या शाबूत आहेत," तो म्हणाला. "आता माझ्याशीही भांड हवं तेवढं."

रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे म्हटलं. मी हात सोडवला नाही.