परीक्षेच्या आदल्या दिवशी फास्ट झालेलं नेटबुक

नेटबुकचं बटण दाबायचं, कुकर लावायचा, कणीक मळायची, आणि हात धुऊन परत येऊन बघावं तर पडद्यावर ते चक्र अजून फिरतंच आहे. त्या दिवसांत माझ्या सकाळी अशा जायच्या. नेटबुक म्हणजे मोठ्या वहीएवढा, हलका, जुन्या धाटणीचा लॅपटॉप. बहुतेक लोक आता ते विसरलेत. मलाही विसरायला आवडेल.

सांगलीला माझा स्वतःचा दवाखाना होता, होमिओपॅथीचा. लग्न करून इथे अमेरिकेत, अर्विंगला आले आणि डिग्री कपाटात गेली. त्या डिग्रीवर इथे प्रॅक्टिस करता येत नाही, आणि नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला सुरुवातीला कुठलंच काम करता येत नाही. मुलगी झाली, शाळेत जायला लागली, तेव्हा कुठे माझं वर्क परमिट आलं. मग मी मेडिकल कोडिंगचा अभ्यास सुरू केला. डॉक्टरांनी लिहिलेल्या आजारांना आणि उपचारांना ठरावीक कोड लावायचे, म्हणजे इन्शुरन्सवाले बिल पास करतात. एका बिलिंग ऑफिसातल्या मॅनेजरबाईंनी इंटरव्ह्यू घेऊन सांगितलं होतं, जागा महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी ठेवते, तेवढी परीक्षा पास होऊन या. मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं. एकदा गाडीत सांगितलं, एकदा जेवताना सांगितलं. तो "मस्त, मस्त" म्हणाला.

परीक्षा घरी बसूनच द्यायची होती, स्वतःच्या कम्प्युटरवर, कॅमेरा चालू ठेवून. आता सॉफ्टवेअरवाल्याच्या घरात कम्प्युटर नाही असं म्हटलं तर लोक हसतील. पण नवऱ्याचा लॅपटॉप कंपनीचा, त्यावर बाहेरचं काही टाकायला बंदी. मुलीचा शाळेचा, त्यावरही बंदी. नवा घेऊ म्हटलं तर नवरा म्हणाला, अगं, एका परीक्षेसाठी नवा कशाला, मूव्हिंग सेलमध्ये बघ. आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर रोज कोणीतरी बिऱ्हाड हलवत असतं. कुणाची सिएटलला बदली, कुणी कायमचं भारतात परत. मग सोफा, गाद्या, इडलीपात्र, सगळ्याचे फोटो येतात. तसंच हे नेटबुक आलं. समोरच्या बिल्डिंगमधलं एक पुण्याचं कुटुंब चाललं होतं, त्यांचं.

घरी आणून उघडलं तर आत त्यांच्या मुलाच्या मुंजीचे व्हिडिओ ठासून भरलेले. मातृभोजन, भिक्षावळ, बटूच्या आत्याचं उखाण्यावर उखाणे घेणं, सगळं. डिस्कवर तसूभर जागा नाही. डिलीट करायचं तर हात धजेना, कुणाच्या मुंजीचं आपण कसं पुसायचं? त्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बाई गं, नको पुसूस, ते दुसरीकडे कुठेच नाहीये. झालं. ते सगळं पेनड्राइव्हवर उतरवून, पॅक करून, त्यांच्या नव्या पत्त्यावर पाठवेपर्यंत माझा अभ्यासाचा आठवडा गेला. आणि एवढं करून ते यंत्र ढिम्मच. सराव परीक्षा सुरू केली की चौथ्या-पाचव्या प्रश्नाला पडदा गोठायचा. मी माऊस आपटायचे. मुलगी खोलीतून ओरडायची, "आई, यू आर बीइंग लाउड."

इंटरनेटवर वाचून मी जे जमेल ते केलं. नको ते प्रोग्राम काढले, सुरू होताना आपोआप उघडणारे बंद केले, व्हायरस शोधला. थोडा फरक पडला. निदान सराव परीक्षा कशीबशी शेवटापर्यंत जायला लागली. वैताग होता, पण चाललं असतं. हे मी आजही छातीठोकपणे सांगते, चाललं असतं.

परीक्षा सोमवारी सकाळी होती. रविवारी नवऱ्याचा नागपूरचा मित्र चहाला आला आणि त्याने मला त्या यंत्राशी झटापट करताना पाहिलं. "काय हो वहिनी, हे काय घेऊन बसल्या तुम्ही? आणा इकडे." नवऱ्याचं तर कामच ते. एका बँकेची सिस्टीम स्लो झाली की हा फास्ट करून देतो. इतके दिवस त्या नेटबुककडे त्याने ढुंकून पाहिलं नव्हतं. पण मित्राने हात घातल्यावर त्यालाही स्फुरण चढलं. दोघं जेवणाच्या टेबलावर बसले, मागचं झाकण उघडलं, मित्राने घरून जुनी रॅम आणून बसवली. मी आत मुलीचे कपडे घड्या करत होते. दोघांचं हसणं ऐकू येत होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी त्यांनी मला बाहेर बोलावलं. नवऱ्याने बटण दाबलं आणि पापणी लवायच्या आत पडदा उजळला. मित्राने टाळी दिली. विंडोज काढून लिनक्स टाकलं, नवरा म्हणाला, विंडोजपेक्षा हलकी सिस्टीम, आता बघ कसं पळतं ते. खरंच पळत होतं. मी परीक्षेच्या वेबसाइटवर गेले आणि कम्प्युटरची तपासणी करायचं बटण दाबलं. तिथे लिहून आलं की परीक्षेचं सॉफ्टवेअर या सिस्टीमवर चालत नाही.

मी दोघांना दाखवलं. मित्र म्हणाला, अरे यार. नवरा म्हणाला, काय फालतू सॉफ्टवेअर आहे यांचं, आजच्या काळात लिनक्सला सपोर्ट नाही! या घरात एका माणसाने, एकाने तरी, लिनक्स टाकण्याआधी मला विचारायला हवं होतं की हे यंत्र तुला कशाला हवंय. मी गाडीची किल्ली उचलली. दुकानं उघडी होती, नवा लॅपटॉप आणायचा, विषय संपवायचा. नवरा म्हणाला, "अगं थांब, अर्ध्या तासात विंडोज परत टाकून देतो." त्याला त्या डबड्यापुढे हार मानायची नव्हती. मी किल्ली खाली ठेवली, त्याचा मला अजून संताप येतो.

तो अर्धा तास दुकानं बंद होईपर्यंत चालला. सकाळी विंडोज होतं, पण यंत्र अपडेट घेत होतं. पडद्यावर "थोडं थांबा" असं लिहिलेलं. मी साडी नाही, पण चांगला कुर्ता घालून, केस नीट बांधून, ओळखपत्र हातात धरून त्यापुढे बसले होते. परीक्षेची वेळ झाली, टळली. थोड्या वेळाने ईमेल आलं की तुम्ही हजर झाला नाहीत. पुढची तारीख मिळाली ती पुढच्या महिन्यातली. मॅनेजरबाईंना फोन केला, त्यांनी फार सभ्यपणे दिलगिरी व्यक्त केली आणि जागा दुसरीला दिली. बाथरूममध्ये नळ सोडून मी पोटभर रडले.

नवऱ्याने सॉरी म्हटलं, नाही असं नाही. पुढच्या महिन्यात दे, म्हणाला, अभ्यासाला वेळ मिळेल.

काही आठवड्यांनी आमच्याकडे पॉटलक होतं, चार-पाच कुटुंबं, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणलेला. जेवणं झाल्यावर नवरा आणि मित्र नेटबुकची गोष्ट रंगवून सांगायला लागले. रॅम कशी बसवली, ते कसं पळायला लागलं, आणि मग परीक्षेच्या सॉफ्टवेअरने कसा पचका केला. लोक हसत होते. मी श्रीखंड वाढत होते. वाटी खाली ठेवून मी म्हणाले, "ती जागा गेली माझी."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता, अगदी मनापासून विचारत होता.

"कुठली जागा?"