परसातली टंबाटी, लसूण आणि मामंजींचा हुकूम

लसणाची एक पाकळी मातीत खोचली की दहा पाकळ्यांचा गड्डा वर येतो. किश्श्यांचंही तसंच! एक सांगायला बसावं, तर मागून त्याचे दहा भाऊबंद निघतात. नाती म्हणतात, "आजी, लिहून ठेव." मी काही शाळेत गेलेली बाई नाही. शेजारच्या शेटजींच्या दुकानातून गूळ-हळद यायची, त्या पुड्यांच्या छापील कागदांवर बोट फिरवत अक्षरं शिकले. मास्तर नाही, पाटी नाही, छडी नाही! ज्याला माझ्या लिहिण्यात चूक काढायची, त्याने आधी माझ्यासारखा लसूण पिकवून दाखवावा.

तर हे कळंबचे दिवस. मी नवी सून होते. प्लेगची धास्ती सरून थोडीच वर्षं झाली होती आणि टोमॅटो आमच्या गावात कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. माझा भाऊ जुन्नरला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी. त्याने चिमूटभर बी कागदात बांधून दिलं. "टंबाटी म्हणत्यात ह्याला. सायेब कच्चंच खातो," म्हणाला. परसात न्हाणीचं पाणी वळवून घेऊन मी वाफा केला. शेजारी लसणाला जागा ठेवली.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्याच जागी कडब्याची गंज रचायची होती. आता बघा, चूल आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची. शेत मामंजींचं. दावणीची जनावरं त्यांचीच. माझं म्हणावं असं त्या घरात तेवढंच होतं, सहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद. मी हटले नाही!

शेवटी मामंजींनी हुकूम काढला. आमचं घर खंडोबाचं. चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण बंद. तो नेम सुटायचा चंपाषष्ठीला, भरीत-रोडग्यावर. मामंजी म्हणाले, "त्या दिशी तुझ्या परसातलं जे माझ्या पानात येईल, ते ऱ्हाईल. जे येणार न्हाई ते उपटायचं. वर गंज!"

लसणाची पात पानात येणार, ह्यात शंका नव्हती. पण टंबाटी? "मांसागत लाल फळ! हात लावायचा न्हाई मी," हे त्यांनी आधीच जाहीर करून ठेवलं होतं.

*

लसूण लावायच्या वेळेला मला नेमका ताप भरला. धाकट्या जावेला म्हटलं, "पाकळ्या सुट्या कर आन् शेंडा वर ठिवून लाव." जाऊ पुणे शहरात वाढलेली, भारी टापटिपीची. दुपारभर खपली बिचारी.

आठ दिवस झाले, पंधरा झाले, कोंब म्हणून नाही! उकरून पाहिलं तर सगळा गाळ.

"अगं, लावलास तरी कसा?"

"चांगला धुतला, सोलला, पांढराशुभ्र केला आणि मग लावला. टरफलासकट कोण लावतं?"

आत्याबाई दारातून म्हणाल्या, "फोडणी तेवढी द्यायची ऱ्हायली बघ!"

*

दिवाळीच्या पुढेमागे पहिलं टंबाटं पिकलं. घरातली झाडून सगळी माणसं परसात गोळा झाली, पण हात कुणी लावेना. आत्याबाई म्हणाल्या, "एवढं लालभडक देवानं माणसाच्या पोटासाठी केल्यालं नसतं."

मी तोडलं, पदराला पुसलं आणि सगळ्यांदेखत कचकन चावलं. रस हनुवटीवरून ओघळला. जाऊ किंचाळली!

आत्याबाईंनी मला ओसरीवर निजवलं. एका हातात पाण्याचा गडू, दुसऱ्या हातात तुळशीचं पान घेऊन उशाशी बसल्या. मी बोलले की म्हणत, "बोलू नगंस, ईख चढंल." मी गप्प राहिले की म्हणत, "बोल गं बाय, हायेस का?"

दिवस कलला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, तुळशीचं पान स्वतःच्याच तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "मरायचं नसंल तर ऊठ. भाकऱ्या पडल्यात!"

*

कुंपणापलीकडे शेटजींचं घर. त्यांची माणसं मारवाडातून आलेली, पण इथे पिढ्या गेलेल्या. जैनांचं घर, कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत नाही. शेटाणी केसरबाई माझ्या वयाची, माझी जिवाभावाची. पण मी स्वतः पुन्हा लावलेल्या लसणाला पाणी घालायला वाकले की तिचा पदर नाकावर!

"अगं, तुझा लसूण उगवायच्या आधी आमच्या घरी येतो," म्हणायची.

एकदा तिचा कान ठणकायला लागला. दोन दिवस झाले, सगळे उपाय थकले. तिसऱ्या दिवशी कुंपणावरून हाक आली. मी तीन पाकळ्या घालून तेल कढवलं, कोमट केलं आणि वाटी पुढे केली. म्हटलं, "बघ बाई, तुझा धर्म तू जाण."

"कानात घातलं म्हणजे खाल्लं नव्हे," ती म्हणाली आणि मान कलती केली.

दुसऱ्या दिवशी कान खडखडीत बरा! सकाळीच केसरबाई कुंपणाशी हजर. घासून लख्ख केलेली वाटी परत दिली आणि वर पानात बांधलेली एक पुडी. उघडली, तर आत कढलेल्या तीन पाकळ्या.

"तेल मी घेतलं. तुझा लसूण तुला," म्हणाली. "मोजून घे हो!"

*

पिंपरी पेंढारहून आमच्या नणंदेचे यजमान आले होते. तोवर आत्याबाईंनी चोरून एक टंबाटं मिठाबरोबर खाल्लं होतं आणि त्या माझ्या पक्षात आल्या होत्या. त्यांनी पावण्यांना दहा-बारा पिकलेली टंबाटी फडक्यात बांधून दिली. पावण्यांनी गाठोडं ठेवलं डोक्यावर आणि त्याच्यावर ठेवली हरभऱ्याची गोणी! म्हणाले, "दोन हात मोकळं बरं असत्यात."

ऊन मी म्हणत होतं. पेंढारच्या वेशीत पोचेतो कपाळावरून, गालावरून, मिशांवरून लालेलाल धार! गाव धावलं. कुणी काठ्या काढल्या, कुणी चोरांच्या मागावर सुटलं. आमची नणंद घरातून मूठभर हळद घेऊन आली आणि सरळ त्यांच्या टाळूवर दाबली.

"अगं, लागलं न्हाई मला! टंबाटी हायेत ती, टंबाटी!"

नणंद रडत म्हणाली, "धरा वो ह्यांना! डोक्याला मार बसला की मानूस असंच कायबाय बोलतंय!"

*

मामंजी हट्टाला पेटले होते. खरी भाजी कशी असते हे मला दाखवायला त्यांनी टंबाट्यांना लागूनच वांग्याच्या रोपांच्या दोन ओळी लावल्या होत्या. वांगी धरली पण सुरेख! रोज सकाळी मला ऐकू जाईल अशा आवाजात मोजायचे.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी त्यांच्या लाडक्या म्हशीने दावं तोडलं आणि थेट परसात शिरली. वांग्याच्या दोन्ही ओळी फस्त! पाल्यासकट! मग टंबाट्याचा पाला हुंगला, नाक फुर्रर केलं आणि मागे फिरली. एका कोपऱ्यात एकच वांगं राहिलं होतं, लिंबाएवढं.

आम्ही सगळ्या श्वास रोखून उभ्या. आता म्हशीचं काही खरं नाही!

मामंजींनी एकदा वांग्याची खुंटं पाहिली, एकदा माझी टंबाटी पाहिली. मग म्हशीची पाठ थोपटत म्हणाले, "बघितलंस का? मुक्या जनावराला बी कळतंय काय खावं ते!"

*

चंपाषष्ठी उजाडली. बाजाराचा वार नव्हता. घरात वांगं एकच, लिंबाएवढं. त्याचं भरीत केलं, देवाला नैवेद्य दाखवला. देवाच्या बाबतीत मी खोटेपणा केला नाही, हे आधीच सांगते.

पण मामंजी देव नव्हते.

मी परसात गेले. हिरवी, टणक टंबाटी बघून बघून तोडली, निखाऱ्यावर काळी होईतो भाजली, साल काढली, ठेचली. भाजलेली मिरची घातली, आंबटपणाला गुळाचा खडा घातला आणि लसणाची पात मूठ-मूठ चिरून वर कच्चं तेल सोडलं. आत्याबाईंनी पाटा-वरवंट्याशी बसून सगळं पाहिलं. पाहिलं, आणि माझ्याकडे पाठ करून रोडगे थापू लागल्या.

मामंजी पानावर बसले. चार महिन्यांनी पातीचा वास नाकात गेला आणि त्यांचे डोळे मिटले.

"भरीत कुठनं आलं गं? म्हशीनं तर..."

"परसातलंच हाय, मामंजी."

पहिला घास घेतला. दुसरा घेतला. "वाढ," म्हणाले. पुन्हा "वाढ." तिसऱ्यांदा तोंडाने नाही, नुसत्या बोटाने पान दाखवलं. मी वाढत राहिले. परस जाणार की राहणार, ते त्या पानावर होतं.

शेवटी त्यांनी बोटं चाटली, तांब्याभर पाणी प्यायले आणि मला समोर बोलावलं.

"सूनबाई, जल्मात असं भरीत खाल्लं न्हाई. ह्याला म्हणत्यात चव! तुझ्या त्या तांबड्या फळाला येईल का ह्याची सर?"

मी मान खाली घातली.

"मग आता आईक माझं. गंज घालू दुसरीकडं. ह्याचंच बी राख, आन् आख्ख्या परसात हेच लाव. ह्येच! कळलं?"

चुलीपाशी आत्याबाईंना जोराचा ठसका लागला. जाऊ पाणी आणायला म्हणून जी पळाली, ती माजघरात जाऊन तोंडात पदर कोंबून बसली.

मी म्हटलं, "व्हय, मामंजी. तुमचा शब्द मोडायची ह्या घरात रीत न्हाई."

आणि मोडला नाही!