निघाले बुधवारी, विमान शुक्रवारचं

निरोपाचं जेवण ज्याला द्यायचं त्यानेच रांधायचं, ही रीत फक्त माझ्या सासरीच असावी. जानेवारीत मी लेकीच्या बाळंतपणाला हॉलंडला निघाले होते. तिचं पहिलं बाळंतपण, परका मुलूख, महिनाअखेरची तारीख. डिंकाचे लाडू वळायचे होते, अळीव निवडायचे होते, बाळंतशोप भाजायची होती. आणि मी काय करत होते? मैसूरच्या थंडीत स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारून अवरेची सालं काढत बसले होते, माझ्याच निरोपाला येणाऱ्या माणसांसाठी.

अवरे ज्यांना माहीत नाहीत ते सुखी आहेत. आपल्या पावट्याचाच हा भाऊबंद. हिवाळा आला की मैसूरकरांना दुसरं काही सुचत नाही. रोटीत अवरे, उप्पिटात अवरे, आमटीत अवरे. त्यातही दाणे रात्रभर भिजवून, एकेक दाणा चिमटीत दाबून सालीबाहेर उडवायचा, ते हितकिद बेळे म्हणजे तर कौतुकाची परिसीमा. मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून दर हिवाळ्यात माझी नखं हिरवी होतात. त्यात घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं नवऱ्याच्या मामांनी कृष्णराजनगरहून शेंगांचं आणखी एक पोतं पाठवलं. वर निरोप, की सूनबाई परदेशी चाललीय, तिला पोटभर खाऊ दे. सोलायचं कुणी, ते निरोपात नव्हतं.

माझं सासर जुन्या मैसूर संस्थानच्या फौजेतलं. घोडी गेली, पागोटी गेली. आता कुणी विमा विकतं, कुणी शाळेत शिकवतं. पण मोहिमेवर निघायच्या रीती मात्र माझ्या सासूबाईंनी एकटीच्या बळावर टिकवल्यात. त्यांना मी इथल्यासारखं अत्ते म्हणते. वय ऐंशीच्या पुढे, आवाज हवालदाराचा. तिकीट शुक्रवारचं आहे हे कळलं तशा त्या पाटावरून उठल्याच.

"शुक्रवारी पश्चिमेला? बेड गं, नको! दिशाशूळ असतो."

"अत्ते, तिकीट काढून झालंय. ते बदलत नाहीत."

"अदक्केनु? त्याला काय झालं? बुधवार चांगला आहे. बुधवारी प्रस्थान ठेवू."

प्रस्थान म्हणजे चांगल्या वारी आपलं सामान घराबाहेर काढून जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे ठेवायचं. मग तुम्ही त्या दिवशी निघालात असं धरतात. पाय प्रत्यक्षात कधी का निघेनात. अट एकच, एकदा बाहेर गेलेलं सामान निघेपर्यंत परत उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. मी म्हटलं, चला, एवढ्याने सुटतेय तर सुटू दे. एक जुनी सुती साडी पिशवीत कोंबली. अत्तेंनी ती बाहेर काढली.

"असं सुम्ने काहीतरी ठेवून चालत नाही. ज्याच्यावाचून पाऊल निघत नाही ते ठेवायचं. ह्यांच्या पणज्याची तलवार जायची शेजारी. तुझं कशावाचून अडतं?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "पासपोर्ट!"

या माणसाने आईसमोर जन्मात एकदा झटपट उत्तर दिलं, तेही हे. मी कपाळावर हात मारून घेतला. सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि माझा पासपोर्ट एका पिशवीत गेले. घरभर पाव्हणे, त्यांच्यासमोर वाद कुठे घालणार? दोनच दिवसांचा प्रश्न आहे, असं मी मनाला बजावलं.

बुधवारी दुपारी पंगत झाली. हितकिद बेळ्यांची आमटी, अवरे घातलेल्या तांदळाच्या रोट्या, आणि मी संक्रांतीला नसणार म्हणून तीळ-गूळ-खोबऱ्याचं मिश्रण आधीच वाटून झालं. सगळे ताव मारत होते आणि मला म्हणत होते, तिकडे हे मिळायचं नाही, खा. मी वाढत होते, खाणार कधी? शेवटी अत्तेंनी हातावर दही घातलं, औक्षण केलं, आणि पिशवी पश्चिमेच्या शेजाऱ्यांकडे गेली. ते निवृत्त जोडपं, भली माणसं. त्यांनी पिशवी देवघरात ठेवली.

"आयतु, झालं," अत्ते म्हणाल्या. "आता तू गेलीस. भांड्यांना हात लावू नको."

हे ऐकून मला बरं वाटलं. पण मी हात लावायचा नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुणीही लावला नाही. पाव्हण्यांतले निम्मे गावी परतले, निम्मे आत लवंडले, आणि मी, गेलेली बाई, मोरीशी बसून पातेली घासली.

गुरुवारी सकाळी जावयाचा फोन आला. लेकीचं ब्लडप्रेशर एकाएकी वाढलं होतं, तिला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. डॉक्टर थांबायला तयार नव्हते; आजच ऑपरेशन करणार होते. नवऱ्याने धावपळ करून बंगळुरूहून त्याच संध्याकाळच्या विमानात एक जागा शोधली. दुपारी बाराच्या आत घर सोडलं तर गाठता येणार होतं. दोन तिकिटांचे पैसे गेले चुलीत. मी तशीच स्लिपर घालून शेजारी धावले.

दाराला कुलूप. समोरच्या बाईंनी सांगितलं, त्यांच्याकडच्या पाव्हण्यांना तलकाडची वाळूतली देवळं दाखवायला पहाटेच गेलेत, संध्याकाळी येतील. मी फोन लावला. तो त्यांच्याच घरात वाजायला लागला. खिडकीतून स्वच्छ ऐकू येत होता. मी वेड्यासारखी पुन्हा लावला, तो पुन्हा आतच वाजला. नवऱ्याने गाडी काढली आणि तलकाडच्या वाळूत देवळामागून देवळं पालथी घातली. ते तोवर तिथून पुढे कुठे निघून गेले होते. बारा वाजून गेले.

मग मी अत्तेंवर तुटून पडले. आजवर कधी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी गल्लीला ऐकू गेला असेल. "तलवारी गेल्या, राजे गेले, तुमचे वार आणि दिशा काही जात नाहीत! माझ्या पोरीला कमीजास्त झालं तर कुणाला विचारू, बुधवारला?" त्या उठल्या. खुर्ची उचलली, शाल घेतली, आणि शेजाऱ्यांच्या फाटकाशी उन्हात जाऊन बसल्या. दुपारी जेवल्या नाहीत. मीही जेवा म्हटलं नाही.

चारच्या सुमाराला व्हिडिओ कॉल आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मी फोन हातात धरून रडायला लागले तोच घरातले उरलेसुरले पाव्हणे माझ्या खांद्यावरून वाकले. वजन किती? नाक कुणाचं? जावळ आहे का? पोरगी पांढरीफटक पडली होती, पण हसून सगळ्यांना उत्तरं देत होती. मीसुद्धा काय विचारलं, तर बाळ दूध ओढतंय का नीट. पणती बघायला म्हणून कुणीतरी अत्तेंना फाटकावरून धरून आणलं. जावयाने बाळ कॅमेऱ्यासमोर धरलं.

"ते राहू दे बाजूला," अत्ते म्हणाल्या. "तिला दाखव." आणि मग त्यांनी विचारलं, "तुला दुखतंय काय गं?"

पोरीचं हसू गळून पडलं. "खूप, अज्जी," म्हणाली, आणि तिचे ओठ थरथरायला लागले. टाके ओढत होते, तिला धड रडताही येत नव्हतं.

"उशी घे. पोटाशी घट्ट दाबून धर. हां. आता रड."

ती रडली. फोन माझ्या हातात होता, नवऱ्याने तो खालून धरला. सकाळपासून मी तिच्यासाठी जीव टाकत होते, पण हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला नव्हता, याची मला लाज वाटली आणि अत्तेंचा आणखीच राग आला.

संध्याकाळी शेजारी परतले. बिचारे इतके ओशाळले की पिशवी देताना त्यांनी दहादा माफी मागितली. नवरा म्हणाला, आता गडबड नको, विमान उद्या दुपारचं आहे, सकाळी निघू.

"उद्या कशाला?" अत्ते म्हणाल्या. "आत्ता ने तिला."

"अम्मा, रात्रभर एअरपोर्टवर बसून काय करणार ती?"

"इथे बसून काय करणार?"

मी लाडवांचा डबा बॅगेत टाकला आणि अत्तेंच्या पाया पडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला, मी वर पाहिलं नाही. राग होता तसाच होता. गाडी गल्लीच्या तोंडाशी रिक्षांमध्ये अडकली, नवरा शांतपणे वाट बघत होता, आणि मी हात लांबवून हॉर्न दाबून धरला. तिकडे माझी पोर पोटाशी उशी धरून रडत होती, आणि मी अजून मैसूरातच होते.